किर्लोस्कर नाटक मंडळी उभी कशी राहिली आणि कुठे फुटली

प्रश्न: आमचा हौशी नाट्यसंघ यंदा ‘संगीत सौभद्र’ करणार आहे. स्मरणिकेसाठी मी किर्लोस्कर नाटक मंडळीवर लिहिते आहे आणि गोंधळले आहे. कुणी १८४३ सांगतं, कुणी १८५३, कुणी १८८०. पहिली धंदेवाईक मराठी नाटक कंपनी नक्की कोणती? किर्लोस्करांची कंपनी चालायची कशी? आणि एक व्यवहारातला प्रश्न: नाटकात इतकी पदं का आहेत, त्यातली काही गाळली तर चालतील का?

उत्तर:

मी गेली सदतीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो आणि त्यातली निम्मी वर्षं तालमीही घेतो आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच्या दोन प्रश्नांत दडलेलं आहे, म्हणून क्रमानेच जाऊ.

तिन्ही तारखा खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो तो याच तारखेला. आदल्या वर्षी उत्तर कानडा भागातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. ते खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात आलं की असं काही आपल्या भाषेत, आणखी नेटकं व्हावं. दरबारातल्या या हुन्नरी तरुणावर त्यांनी ते काम सोपवलं. भावे हाताचे कसबी होते. त्यांनी केलेल्या लाकडी बाहुल्या कित्येक दशकं पेटाऱ्यात पडून होत्या, पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या.

भाव्यांना आश्रय होता तोवर पैशाची चिंता दरबाराची होती. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि तो आधार गेला. माणसं जमवलेली, कपडे केलेले, घरी परत जाण्यासारखी स्थिती नाही. तेव्हा भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. तिकीट लावून पोट भरणं म्हणजे धंदा, एवढीच व्याख्या धरली तर पहिली धंदेवाईक कंपनी भाव्यांची, यात वाद नाही. स्मरणिकेत तसं लिहाच. भाव्यांना नुसतं ‘जनक’ म्हणून नमस्कार करायचा आणि पुढच्या ओळीत किर्लोस्करांवर उडी मारायची, हा आपल्याकडचा जुना अन्याय आहे. आश्रयदाता गेल्यावर सांगलीहून मुंबईला जाऊन अनोळखी लोकांसमोर तिकीट लावणं ही साधी गोष्ट नव्हती.

मग १८८० चं एवढं का? हे समजायला भाव्यांचा खेळ कसा व्हायचा ते डोळ्यांसमोर आणा. सूत्रधार रंगभूमीवरच उभा. गणपती येणार, सरस्वती येणार, विदूषक येणार. मग आख्यान सुरू. पद्यं सगळी सूत्रधार आणि त्याचे साथीदार म्हणणार. पात्रं त्या पद्याला धरून हालचाल करणार आणि मधलं बोलणं ज्याला जसं सुचेल तसं बोलणार. राक्षस आला की आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट. लोक या खेळांना ‘तागडथोम’ म्हणत. लिहिलेली होती ती पद्यं. भाव्यांनी पन्नासच्या वर आख्यानं रचली, १८८५ मध्ये ‘नाट्यकविता-संग्रह’ छापूनही निघाला. पण त्यात रावणाने काय बोलायचं ते नाही. ते रावणाचं काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात होतं. तो मंडळी सोडून गेला की रावणाचं भाषणही त्याच्याबरोबर गेलं. १८६२ च्या सुमारास भाव्यांनी नाटकातून अंग काढलं. इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, आळतेकर अशा मंडळ्या त्यांच्याच धर्तीवर पुढे खेळ करत राहिल्या, पण भाव्यांचा ‘तो’ खेळ पुन्हा उभा करता येईल असं हातात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला शिकलेल्या लोकांनी लिहिलेली गद्य नाटकं निघाली होती. त्यांना तेव्हा ‘बुकिश’ म्हणत. त्यांत प्रत्येक वाक्य लिहिलेलं, पण गाणं जवळजवळ नाही आणि सामान्य प्रेक्षक दूर. पात्राने स्वतः गायचं हेही किर्लोस्करांच्या आधी झालेलं आहे. सोकर बापूजी त्रिलोकेकरांचं ‘नलदमयंती’ १८७९ चं. म्हणून ‘पहिलं संगीत नाटक शाकुंतल’ असं सरसकट लिहू नका, जाणकार वाचक अडवेल.

किर्लोस्करांनी वेगळं केलं ते असं, आणि हे मी तालमीच्या खोलीत शिकलो. त्यांनी नाटक बांधलं. आज झालेला खेळ उद्या, दुसऱ्या गावात, एखादं पात्र बदलूनही, तसाच उभा राहील असं ते बांधकाम होतं. माझ्या लेखी धंदेवाईक कंपनी तिथे सुरू होते. तिकीट त्यानंतर येतं.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अण्णासाहेब, यांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा, धारवाडच्या बाजूच्या गुर्लहोसूरचा. ‘सीतास्वयंवर’ आणि हा माणूस एकाच वर्षाचे. कानडी मुलुखात वाढल्यामुळे कानडी पदांच्या चाली कानात बसलेल्या. बेळगावला शिक्षक असताना गोविंद बल्लाळ देवल त्यांचे विद्यार्थी होते. हे नातं पुढे कंपनीच्या फार उपयोगी पडलं. नाटकाचा नाद जुनाच होता, ‘शांकरदिग्विजय’ हे गद्य नाटक त्यांनी १८७३ मध्ये लिहिलं होतं. मग नोकरीनिमित्त पुण्यात, रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत. १८८० मध्ये पुण्यात एका पारशी कंपनीचा ‘इंद्रसभा’चा खेळ त्यांनी पाहिला. सगळं गाण्यात चाललेलं, आणि लोक लुब्ध झालेले. आपल्याकडे असं का नसावं, या एका विचाराने त्यांनी कालिदासाचं ‘शाकुंतल’ मराठीत घ्यायला सुरुवात केली.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात खेळ झाला तो फक्त पहिल्या चार अंकांचा. सातही अंक पुढच्या वर्षी आले. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व, शंकरराव मुजुमदार शकुंतला, आणि सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. आजही संगीत नाटकाचा पडदा उघडण्याआधी आपण जी ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही नांदी म्हणतो, ती या नाटकाची. पुढच्या वेळी ती म्हणाल तेव्हा शब्दांकडे लक्ष द्या. आपल्या अंगात एवढं बळ नाही हे ठाऊक असूनही हे मोठं ओझं डोक्यावर घेतो आहे, असं त्या नांदीत अण्णासाहेब सांगतात, आणि ‘बलवत्कवि’ म्हणून आपलं नाव गुंफतात. मी कितीदा ती नांदी वाजवली असेल, त्या ओळीला अजून घसा दाटतो. सदतीस वर्षांचा एक नोकरदार माणूस लोकांसमोर उभा राहून हे गात होता.

आता पदांकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

शाकुंतलात पदं दोनशेच्या घरात आहेत. आजच्या कानाला हा आकडा अशक्य वाटतो, कारण ‘नाट्यपद’ म्हटलं की आपल्याला दहा मिनिटांची बैठक आठवते: आलाप, ताना, समेवर टाळी. ती पद्धत नंतरची. किर्लोस्करांचं पद म्हणजे बोलणंच. साकी, दिंडी, अंजनीगीत, कामदा, ओवी, लावणीच्या चाली, कीर्तनातल्या चाली, कानडी चाली, काही रागदारीतल्या. यांतल्या कितीतरी रचना अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतात. दिंडीच्या एका चरणात एकोणीस मात्रा, नऊ आणि दहा अशा तुटतात. त्या नऊनंतरच्या ठहरावात नट श्वास घेतो आणि समोरच्याकडे पाहतो. साकी सोळा आणि बारा मात्रांची, चालत्या पावलाची. निरोप सांगायचा, तक्रार करायची, घडलेलं थोडक्यात सांगायचं, तर साकी. मन थोडं थांबून बोलणार असेल तर दिंडी. नाटककाराने हे नुसतं सजावटीसाठी घातलेलं नाही.

यात धंद्याची हुशारीही होती. छापील संहितेत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एक ओळ असते. अमक्या गाण्याप्रमाणे म्हणायचं, इतकंच. ती चाल प्रेक्षकाला घरातून, देवळातून, कीर्तनातून आधीच येत असायची. नव्या गावात पहिल्याच रात्री लोक पद ओळखायचे, दुसऱ्या दिवशी ओट्यावर म्हणायचे. नवा नट घेतला तर त्याला चाल शिकवायला महिना लागत नसे. नाटक एका गवयाच्या गळ्यावर अवलंबून राहिलं नाही. भाव्यांच्या खेळात जे माणसाच्या डोक्यात होतं, ते आता कागदावर आणि लोकांच्या कानात, दोन्हीकडे होतं.

असं असूनही थोर गळा मिळाला तर कंपनीचं नशीबच बदलतं, हेही खरं. १८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. तेव्हा त्यांचं वय विशीच्या आत. उंच, पल्लेदार आवाज आणि देखणं रूप. लोक त्यांना प्रेमाने ‘भावड्या’ म्हणत. १८ नोव्हेंबर १८८२ ला ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक झाले, त्यात ते सुभद्रा होते. नाटक पुरं झालं ते पुढच्या वर्षी. पाहा, अण्णासाहेबांचं हे नेहमीचंच: नाटक पुरं होण्याची वाट न पाहता जेवढं झालं तेवढं लोकांसमोर ठेवायचं. त्याला कंपनीची गरजही कारण असेल, पण त्यामुळे पुढचे अंक लिहिताना कुठल्या नटाकडून काय निघतं हे त्यांना नेमकं कळलेलं असायचं.

‘सौभद्र’ हे त्यांचं स्वतंत्र नाटक. गोष्ट महाभारतातली, पण घर मराठी. थोरला भाऊ बलराम बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवून मोकळा, धाकटा कृष्ण गोड बोलून सगळं उलटवतो आहे, अर्जुन संन्याशाच्या वेषात येऊन बसला आहे, आणि सुभद्रेला कुणी विचारतच नाही. ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे पद म्हणणारी मुलगी १८८२ च्या प्रेक्षकांतल्या किती घरांत असेल, विचार करा. तुमच्या सुभद्रेचं काम करणाऱ्या मुलीला चालीच्या आधी हे सांगा.

१८८४ मध्ये ‘रामराज्यवियोग’ आलं. भाऊरावांनी त्यात मंथरा केली. सुभद्रेवर लोक जीव टाकत असताना मंथरा करायला घेणारा नट मला फार मोठा वाटतो. ते नाटक तीन अंकांवरच राहिलं. २ नोव्हेंबर १८८५ ला अण्णासाहेब गुर्लहोसूरला वारले. वय बेचाळीस. ‘शाकुंतल’च्या पहिल्या खेळाला जेमतेम पाच वर्षं झाली होती.

इथे त्या बांधकामाची खरी परीक्षा झाली. मालक, लेखक, तालीम मास्तर आणि सूत्रधार, चारही एकाच माणसात असलेली कंपनी तो माणूस गेल्यावर मोडायला हवी होती. ती मोडली नाही. दोन पुरी नाटकं, एक अर्धं, चाली बसलेल्या, नट तयार. भाऊराव, बाळकोबा, मोरोबा, शंकरराव यांनी गाडा पुढे नेला, आणि बेळगावचा तो विद्यार्थी, देवल, गुरूच्या जागी उभा राहिला.

कंपनी चालायची कशी, हे स्मरणिकेत जरूर लिहा, कारण लोकांना फक्त फेटे आणि शालू आठवतात. नाटक कंपनी म्हणजे एक मोठं फिरतं बिऱ्हाड. गावात मुक्काम पडला की मोठं घर किंवा वाडा भाड्याने घ्यायचा. आचारी कंपनीचा, पंगत एक. लहान मुलं गाण्याच्या आणि अक्षराच्या ओढीने किंवा घरच्या गरिबीने आलेली असायची. त्यांना जेवण, कपडे, तालीम आणि थोडंफार शिक्षण कंपनीकडून. राम गणेश गडकरी याच कंपनीत काही काळ मुलांना शिकवायला होते आणि पडेल ते काम करत होते. सकाळी गाण्याची तालीम, दुपारी नकला पाठ. ‘नक्कल’ म्हणजे प्रत्येक नटाची स्वतःच्या भाषणांची वही, त्यात समोरच्याच्या वाक्याचे फक्त शेवटचे शब्द. त्यामुळे अख्खं नाटक बहुतेकांच्या हाती कधीच नसायचं. त्यात कंजुषी होती, सावधपणाही होता: नट दुसऱ्या कंपनीत गेला तरी नाटक घेऊन जाऊ शकत नसे.

आठवड्याला दोन-तीन खेळ. रात्री जेवणं आटोपल्यावर सुरू होणारा खेळ पहाटेपर्यंत चालायचा, वन्समोअर मिळाले की आणखी लांबायचा. जिथे नाट्यगृह नाही तिथे मांडव घालायचा. एका गावात उत्पन्न घसरलं की पडदे, ट्रंका, भांडीकुंडी गाडीत घालून पुढचं गाव. बडोदे, इंदूर यांसारख्या संस्थानांतला मुक्काम कंपनीला हवाहवासा असे, कारण तिथे तिकिटाखेरीज दरबाराकडून बिदागी मिळे. म्हणजे आश्रय संपला नव्हता, पण आता तो वरकड उत्पन्नासारखा झाला होता. भाव्यांच्या आणि किर्लोस्करांच्या मंडळीतला पैशाचा फरक मला इथे दिसतो.

आणि पैसा कुणाचा? कंपनीत दोन जाती असत, भागीदार आणि पगारदार. मालकी मोजक्या भागीदारांची, बाकी सगळे पगारावर. नव्या कपड्यांचा खर्च, पडद्यांचा खर्च, बुडालेल्या मुक्कामाचं कर्ज, हे भागीदारांच्या डोक्यावर. उलट ज्याच्या नावावर थिएटर भरतं तो नट बऱ्याचदा पगारदार. ही गाठ अण्णासाहेबांनाही सोडवता आली नव्हती. ते होते तोवर त्यांच्या शब्दाने सगळं निभत होतं. शब्दाने निभणाऱ्या गोष्टी माणूस गेल्यावर निभत नाहीत. संहिता कागदावर होती, हिशेबातलं सामंजस्य नव्हतं. कंपनी पुढे फुटली ती तिथे.

देवलांचं काम मोठं आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथे एवढंच सांगतो की ते नाटककार होते तितकेच तालीम मास्तर होते. शब्द कसा टाकायचा, पदाआधीचं वाक्य कुठे सोडायचं म्हणजे पद त्यातूनच उगवल्यासारखं वाटेल, हे शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. १३ जानेवारी १८९९ ला इंदूरला ‘शारदा’चा पहिला खेळ झाला. म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची गोष्ट, पुराणातली नाही, संस्कृतातली नाही, आपल्या गावातली. भाऊराव त्यात कोदंड झाले. जाता जाता एक दुरुस्ती: १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक ‘सारडा कायदा’ या नाटकावरून ओळखला जातो असं अनेक स्मरणिकांत छापलेलं मी पाहिलं आहे. ते नाव हरविलास सारडा यांचं. नाटकाने या प्रश्नावर लोकांची मनं हलवली हे खरं, पण नामसाम्यावरून नातं जोडू नका.

नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या ‘वीरतनय’ नाटकापासून चालींचा वास बदलला. पारशी आणि हिंदुस्थानी ढंगाच्या, नवलाईच्या चाली आल्या. लोकांना आवडल्या. पण ओट्यावरच्या बाईला आधीच येणारी चाल आणि थिएटरात पहिल्यांदा ऐकलेली चाल यांत फरक आहे. पद आता शिकावं लागणार होतं, आणि ते चांगलं म्हणणारा गळा हवा होता. १३ फेब्रुवारी १९०१ ला भाऊराव गेले, जेमतेम अडतिसाव्या वर्षी. पुढची तीन-चार वर्षं कंपनीने जिद्दीने काढली. मग १९०५ मध्ये मिरजेला नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला. तेच बालगंधर्व, त्यांच्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. तालीम देवलांची, गाणं भास्करबुवा बखल्यांचं.

१२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’ आलं. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, बालगंधर्व भामिनी, नानासाहेब जोगळेकर धैर्यधर, गणपतराव बोडस लक्ष्मीधर. पहिल्या खेळाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते उभे राहिले, ही हकीकत तुम्ही ऐकली असेल. संगीताच्या बाजूने पाहिलं तर इथे पद हे बोलणं राहिलं नाही, गाणं झालं. मी ही तक्रार म्हणून सांगत नाही. टेंब्यांच्या चाली वाजवताना मला जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात नाही. पण त्या दिवसापासून कंपनीचा तोल सरकला. जे नाटक कुठल्याही तयार नटाला पेलावं असं बांधलेलं होतं, त्याच्या जागी ठरावीक दोन-तीन गळ्यांनीच पेलावं असं नाटक आलं. आता ते गळे निघून गेले तर?

ते गेलेच. १९१३ मध्ये, कारभारावरून न पटून, बालगंधर्व, टेंबे आणि बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. तेहतीस वर्षांच्या कंपनीचा आवाज, चाली बांधणारा आणि मुख्य गद्य नट एकाच फटक्यात गेले. यात कोण बरोबर आणि कोण चूक यावर आमच्या पिढीच्या गुरूंनी रात्री जागवल्या आहेत. मला तो दोष माणसांचा वाटत नाही. मालकी एकीकडे आणि मिळकत खेचणारा गळा दुसरीकडे, ही मूळची गाठ होती. ती ‘मानापमान’च्या यशाने घट्ट आवळली गेली. गंमत नाही, दुःख असं आहे की पुढे गंधर्व कंपनीलाही कर्जाने गाठलंच, म्हणजे नट मालक झाला तरी हिशेब सुटला नाही.

किर्लोस्कर मंडळी त्यानंतरही उभी राहिली, हे लोक विसरतात. १९१४ मध्ये दीनानाथ मंगेशकर आले. १९१६ मध्ये गडकऱ्यांचं ‘पुण्यप्रभाव’ याच कंपनीने रंगभूमीवर आणलं, ज्या कंपनीत त्यांनी मुलांना शिकवलं होतं तिथेच. मग १९१८ मध्ये दीनानाथही कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. तिला दिलेलं ‘बळवंत’ हे नाव अण्णासाहेबांचंही होतं, हे लक्षात घ्या. त्यानंतरचा काळ ओसरतीचा. बोलपट येण्याआधीच कंपनीची उमेद खचली होती.

आता पदं कापण्याबद्दल.

तुम्हाला ती कापावीच लागतील, तीन तासांच्या वर आज कुणी नाट्यगृह देत नाही. पण काय कापता ते जपा. बहुतेक जण मोठी, गाजलेली पदं ठेवतात आणि साक्या-दिंड्या गाळतात, कारण त्या ‘किरकोळ’ वाटतात. मीही तेच केलं होतं. तालमी घ्यायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत एका संघासाठी मी ‘सौभद्र’ असंच छाटलं, सगळ्या साक्या काढल्या. प्रयोगात प्रत्येक पद स्वतंत्र मैफल झालं आणि मधलं गद्य कोरडं पडलं. नट बोलायचे, थांबायचे, माझ्याकडे पाहायचे, मी स्वर द्यायचो, मग गाणं. प्रेक्षक गाण्याला टाळ्या द्यायचे आणि गोष्टीत कुणी नव्हतं. घरी आल्यावर मी ती संहिता पुन्हा वाचली तेव्हा कळलं की साकी ही बोलण्यातून गाण्यात चढायची पायरी होती, आणि मी पायऱ्या काढून मजले ठेवले होते.

म्हणून उलट करा. साक्या आणि दिंड्या जमतील तेवढ्या ठेवा, त्यांना मिळून फार वेळ जात नाही. मोठ्या पदांचा विस्तार कमी करा. ‘प्रिये पहा’मध्ये कृष्ण रुक्मिणीला उजाडत आल्याचं सांगतो आहे, ते तीन मिनिटांत सांगून होतं. ‘नच सुंदरि करू कोपा’ ही रुसलेल्या बायकोची समजूत आहे, मग कृष्णाने ते तिच्याकडे पाहून म्हणावं, प्रेक्षकांकडे नाही. जिथे दोन लागोपाठची पदं एकच भाव सांगतात तिथे एक गाळा. नांदी आणि सूत्रधाराचा प्रवेश मात्र सोडू नका. ती जागा अण्णासाहेबांची स्वतःची आहे.

आणि पहिले आठ दिवस मला, म्हणजे तुमच्या पेटीवाल्याला, तालमीला बोलावूच नका. सगळी पदं नटांकडून नुसती बोलून घ्या, मात्रा धरून, समोरच्याला उद्देशून. जे पद बोलताना नटाला कारण सापडत नाही, त्यावर पेन्सिलने खूण करा. नवव्या दिवशी पेटी उघडाल तेव्हा काय गाळायचं याची यादी तुमच्या हातात तयार असेल, आणि ती माझ्या यादीपेक्षा बरी असेल.